ब्रांदुरने उंच केलेली गाडी

ब्रांदुरची गाडी माझ्या गॅरेजच्या अंगणात शिरली तेव्हा त्याचे हात सरळ होते आणि गाडी तिरकी येत होती. कुंपणाचा खांब थोडक्यात वाचला.

"तुझ्या दारात मी हौसेनं आलेलो नाही, हाल्बेरा."

"हौसेनं तू फक्त बुडायला जातोस."

त्याच्या जबड्याची शीर टरारली. आमचा संसार मोडला तेव्हा भांडी वाटली, मेंढ्या वाटल्या. राग मात्र दोघांनीही अख्खाच्या अख्खा नेला.

उन्हाळाभर डोंगरात मोकळ्या सोडलेल्या मेंढ्या आणायला दर सप्टेंबरात सगळं खोरं घोड्यांवर वर जातं. त्यांचं अन्न आणि कोरडे कपडे एका गाडीतून जातात. ती गाडी कायम ब्रांदुरची. गेल्या वर्षी म्हाताऱ्या आस्ग्रिमने त्याला नदीचा उथळ उतार दाखवला होता. ह्याने मधूनच गाडी घातली आणि काचांपर्यंत बुडवली. माणसं उपाशी राहिली. मी घरी बसून चार ओळी जुळवल्या:

नदी म्हणाली, ये रे ब्रांदुर, ये रे माझ्या घरी,
तुझ्या गाडीतलं मटण शिजू दे माझ्या पाण्यावरी;
मेंढ्या गेल्या पायी पायी, कोरड्या झाल्या पार,
भिजला एकच बोकड, तोही गाडीवर स्वार.

आमच्याकडे पेपर उशिरा येतो, पण असल्या चार ओळी दुपारपर्यंत प्रत्येक गोठ्यात पोचतात. पोरं त्याला पेट्रोल पंपावर बघून 'बें' करायची. मग त्याने हिवाळाभर शेडचं दार लावून घेतलं आणि वसंतात बाहेर काढली ती ही ताडमाड गाडी, खाली पिंपाएवढे रुंद टायर. पुन्हा कुठली नदी आपल्या कंबरेला हात लावणार नाही, असा त्याचा हिशेब.

पण गाडी रस्त्यावर ठरेना. आस्ग्रिम आमचा डोंगरराजा; मेंढ्या उतरवायच्या दिवसांत त्याचा शब्द शेवटचा. तो म्हणाला, "हाल्बेरा हो म्हणाली तर ही गाडी जाईल. नाहीतर ट्रॅक्टर जाईल." आणि या वर्षी स्वयंपाकाला आमची साल्व्योर जाणार होती. बापाच्या शेजारच्या सीटवर बसून. माझ्या डोळ्यांसमोर तेवढी एक सीट होती.

मी गाडीखाली सरकले.

"स्टिअरिंगचा दांडा खाली घेतलास, ते बरं केलंस. पण एक्सलला जागेवर धरणारा दांडा होता तिथंच ठेवलास. एक आडवा, एक तिरपा. चाक खड्ड्यात गेलं की एक डावीकडे ओढतो, दुसरा उजवीकडे."

"म्हणजे आपल्यासारखं."

"आपण निदान वेगळे झालो. ह्यांना तू एकाच एक्सलला बांधलंयस." मी हातोडीने टोला दिला. "एक्सलही पुढं कलंडलाय. वळल्यावर चाकं आपसूक सरळ होणार कशी?"

"मी नवा डॅम्पर बसवलाय. थरथर थांबली."

"थांबली नाही, झाकली. ताप आलेल्या माणसाला गोधडी घालण्यातला प्रकार."

स्टिअरिंग जिथं चासीला बोल्टांनी धरलेलं असतं, तिथला काळा रंग ताजा होता. मी पटाशीने खरवडला. खाली केसाएवढी चीर, बोल्टापासून निघून वर चढलेली. ते जड टायर वळवता वळवता लोखंड फाटत चाललं होतं.

मी बाहेर आले. "हे माहीत होतं तुला?"

तो अंगणातल्या बदकांकडे बघत राहिला.

"ब्रांदुर, माझी पोर बसणार आहे तिथं."

"माझीही आहे ती."

"मग रंग कसला फासलास, मेल्या?"

 किल्ली माझ्या हातात ठेवून तो चालत घरी गेला, वाऱ्यात, टोपी न घालता.

मी चीर आरपार घासून वेल्डिंग केलं, वरून पट्टी मारली. एक्सलच्या दांड्यासाठी नवा कंस घडवून त्याचं वरचं टोक खाली आणलं, तेव्हा कुठे दोन्ही दांडे बहिणींसारखे शेजारी शेजारी आडवे झाले. एक्सल मागे कलता केला. खडीच्या रस्त्यावर नेऊन एक हात सोडला. गाडी आपली आपण सरळ चालली. त्या वेळी मी हसले असेन. बघायला कुणी नव्हतं.

तो न्यायला आला तेव्हा म्हटलं, "स्टिअरिंग झालं. आता हे टायर काढ. जुने अरुंद घाल."

"का म्हणून?"

"हे बर्फावरचे टायर आहेत. हवा सोडून हिमनदीवर तरंगायला ठीक. नदीतही ते तरंगणारच, आणि तरंगलेलं चाक स्टिअरिंगचं काय कपाळ ऐकणार? अरुंद टायर पाणी कापून तळाचा दगड धरतो."

"म्हणजे सगळं खोरं बघणार, ब्रांदुर पुन्हा जुन्या टायरांवर आला." तो जवळ आला. "काढतो. पण निघायच्या सकाळी सगळ्यांसमोर म्हणायचं, ते कडवं खोटं होतं. म्हणशील?"

ते खोटं नव्हतं. त्यातला शब्द न् शब्द मी तोलून घातला होता.

"जुने टायर ट्रेलरवर घालून आण," मी म्हटलं.

त्या सकाळी मेंढवाड्याशी घोडे फुरफुरत होते. थर्मासमधली कॉफी फिरत होती. साल्व्योर धुरावलेल्या मटणाचे डबे मोजून घेत होती. मी आस्ग्रिमसमोर उभी राहिले.

"ऐका. माझं ब्रांदुरवरचं कडवं खोटं आहे. त्या दिवशी नदी चढली होती. कुणीही बुडालं असतं."

 आस्ग्रिमने त्याच दिवशी, त्याच नदीतून, घोड्याचं पोटही न भिजवता पलीकडचा काठ गाठला होता. त्याने मनगटावर तपकीर ओढली, नाकात भरली, डोळे पुसले.

"हो का," तो म्हणाला. "चढली होती का."

कुणीतरी खुदकन हसलं. ब्रांदुरचा चेहरा बिटासारखा झाला. मागितलेलं मिळालं होतं, पण ती भीक आहे हे सगळ्यांना दिसत होतं.

"खोटारडी," तो दातांतून म्हणाला.

"तू मागितलंस तेच वाढलं. आता टायर."

"तुझी दया नकोय मला."

"तुझ्यावर कोण करतंय? जॅक लाव."

साल्व्योर मध्ये आली. "बाबा, टायर बदल, नाहीतर मी घोड्यावर जाते. आणि आई, तूही पुरे कर आता. तुम्हा दोघांचं ऐकत ऐकत मी मोठी झाले. डोंगरात तरी मला शांत राहू दे."

त्याने जॅक लावला. प्रत्येक नट असा काढला जणू माझंच मुंडकं पिरगाळतोय. मदतीला पुढे आलेल्यांना त्याने हाकललं. जुने टायर चढले, तशी ती ताडमाड गाडी अंमळ खाली बसली. रुंद टायर त्याने माझ्या पायांपाशी एकेक लोटून दिले.

"परत आल्यावर हे जागेवर दिसले पाहिजेत."

"तू परत ये, मग तुझ्या गळ्यात घालते."

आस्ग्रिमने भुवई उंचावली. "स्टिअरिंग?"

"बरोबर आहे," मी म्हणाले. "ते मात्र खरं."

गाडी निघाली. मेंढवाड्यापलीकडे रस्ता फुटका आहे, तिथे डावं चाक खड्ड्यात गेलं, वर आलं. माझे दोन्ही हात नकळत हवेत स्टिअरिंग धरून उभे होते. गाडी केसभरही वाकडी गेली नाही. खिडकीतून साल्व्योरचं कोपर तेवढं दिसत होतं. तिने हात हलवला नाही, त्यानेही नाही. मागून घोडे निघाले, आणि कुणीतरी, बहुधा आस्ग्रिमच, 'बें' केलं.