देवयानी दिसली का?

मंजुश्रीला रुद्रेशचा संशय पहिल्या दिवसापासून होता. माणूस वाईट होता असं नाही. शाळेत संगणक शिकवायचा, वेळेवर यायचा, चहाचा कप स्वतः विसळून ठेवायचा. पण आकाशाचे इतके देखणे फोटो काढणारा माणूस सरळ असूच शकत नाही, असं तिचं पक्कं मत होतं.

देवयानी दीर्घिकेचा फोटो त्यानं स्टाफरूमच्या टेबलावर ठेवला, तेव्हा सगळे वा वा करत उठले. मंजुश्रीनं मात्र चष्मा पुसला आणि फोटो खिडकीशी नेला. निळसर कडा, पिवळा मध्य, काळ्या धुळीचे पट्टे. शाळेच्या आठ इंची दुर्बिणीतून सहा वर्षं ती हीच देवयानी बघत आली होती. तिला दिसायचा एक राखाडी डाग, तोही अंधाराला डोळे सरावल्यावर. मग हा म्हणतो तसे औशाच्या रानातून, त्याच्या हातभर नळीतून हे रंग आले कुठून? नेटवरून, दुसरं काय!

संशयाला कारणही तसंच होतं. माजी विद्यार्थिनी शाळेला एक दुर्बीण भेट देणार होत्या. एकच. कोणती घ्यायची ते या दोघांनी मिळून सोमवारी मुख्याध्यापक शंकरप्पा सरांना सांगायचं होतं. मंजुश्रीला हवी होती बारा इंची. मोठा आरसा, लाकडी बैठक, ना तार ना बॅटरी, डोळा लावा आणि बघा. रुद्रेशला हवी होती कॅमेऱ्याची. टॅबवर नाव निवडलं की ती आपसूक वळते, फोटो घेत राहते आणि चित्र पडद्यावर दाखवते. मुलींनी डोळा लावायचाच नाही! ती आली की आपल्या दुर्बिणीपुढची रांग मोडली, हे मंजुश्री जाणून होती. लातुरात भाजीवालीसुद्धा तिला ‘तारेवाल्या मॅडम’ म्हणायची. ते नाव असं फुकट सोडायला ती तयार नव्हती.

“दुकानदाराशी काहीतरी साटंलोटं असणार त्याचं,” ती गुणामावशींना म्हणाली. गुणामावशी शाळेतल्या शिपाई. आकाशदर्शनाला दरवर्षी सोबत त्याच असायच्या.

“आसंल बी, नसंल बी,” मावशी म्हणाल्या. “तुमी सोता बगा की.”

शनिवारी ती संधी आली. औशाजवळ रुद्रेशच्या सासऱ्यांचं शेत होतं. तिथल्या खळ्यावर दिवेलागणीनंतर दोन्ही दुर्बिणी शेजारीशेजारी मांडल्या. रुद्रेशनं स्वतःची आणली होती, मंजुश्रीनं शाळेची. नववीच्या सव्वीस मुली शाली, स्वेटर गुंडाळून उभ्या होत्या. मंजुश्रीनं दरवर्षीप्रमाणे आधी समजावून सांगितलं, “धुरकट दिसेल. राखाडी, ढगाच्या तुकड्यासारखं. घाई करायची नाही.” मग रांग सुरू झाली. पृथ्वी फिरते तशी दीर्घिका दृष्टीआड जाते, म्हणून दोन-दोन मिनिटांनी ती नळी बोटानं हलकेच सरकवत होती.

“दिसली का?”

“दिसली मॅडम!”

दहा मुली झाल्या, पण तिचं अर्धं लक्ष पलीकडच्या टॅबवर होतं. बघून झालेल्या मुली तिकडं जाऊन “अय्या!” करत होत्या. ते काही तिच्यानं ऐकवेना.

“मावशी, रांग सांभाळा. दुर्बिणीला कुणाला हात लावू देऊ नका,” असं सांगून ती टॅबकडं गेली.

पडद्यावर देवयानी हळूहळू उजळत होती. फारच ठरवल्यासारखी उजळतेय, मंजुश्रीला वाटलं. आधीच भरून ठेवलेलं चित्र टप्प्याटप्प्यानं दाखवायला कितीसं लागतं? पाच मिनिटं गेली, दहा गेली. ती गप्पा मारत, सहज फिरल्यासारखी त्या छोट्या नळीमागं गेली, अंगावरची शाल काढली आणि नळीच्या तोंडावर टाकली.

चित्र जसंच्या तसं. एक तारा विझला नाही.

“रुद्रेश सर!” तिचा आवाज सगळ्या खळ्यावर गेला. “तुमची नळी झाकलीय मी. तरी तुमची देवयानी दिसतेच आहे! आता बोला!”

रुद्रेशनं एकदा शालीकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं.

“मॅडम, कोपऱ्यातला हा आकडा बघा,” तो शांतपणे म्हणाला. “त्र्याऐंशीवर थांबलाय. दर दहा सेकंदांनी एक फोटो येतो अन् आधीच्यावर रचला जातो. तुम्ही झाकल्यापासूनचे काळे आले, ते यानं टाकून दिले. आधी जमलेला उजेड कुठं जाईल?”

त्यानं शाल उचलून घडी केली आणि तिच्या हातात दिली. चौऱ्याऐंशी. पंच्याऐंशी. एक मुलगी फिसकन हसली. मंजुश्रीचे कान तापले. ती आपल्या दुर्बिणीकडं परतली. निदान इथं तरी जे आहे ते खरं आहे, असं मनाशी म्हणत तिनं डोळा लावला.

आत काहीच नव्हतं. काळं आकाश आणि कडेला दोन फुटकळ तारे.

“मावशी, कुणी हलवली का ही?”

“न्हाई वो. बोट बी लावू दिलं न्हाई कुनाला.”

तिथंच घोटाळा झाला होता. नळी कुणी सरकवलीच नाही, म्हणून पहिल्या पाच मिनिटांतच देवयानी निघून गेली होती. त्यानंतर कितीतरी मुलींनी रिकाम्या आकाशाला डोळा लावला होता. मंजुश्रीनं रांगेतल्या शेवटच्या मुलींना गाठलं.

“काय दिसलं तुम्हाला?”

“धुरकट, मॅडम.”

“राखाडी.”

“ढगाच्या तुकड्यासारखं. लई भारी!”

शब्द तिचेच होते. आधी तिला संतापच आला. खोटारड्या सगळ्या! मग वेगळाच विचार आला. या वर्षीच्याच कशाला? सहा वर्षांत किती जणींना खरंच दिसलं असेल?

“त्या पोरींवर कामून रागावता?” मावशी म्हणाल्या. “लगनात भर दुपारी अरुंधती दाखवतेत. वर मांडवाचं कापड. नवरी म्हनती का, न्हाई दिसली म्हून? तुमी म्हनला व्हता?”

मंजुश्रीचं लग्न उदगीरला, दुपारी साडेबारा वाजता लागलं होतं. लग्न लावणाऱ्या स्वामींनी बोट वर केलं आणि भौतिकशास्त्राची पदवी घेतलेली ही नवरी लाजून म्हणाली होती, “दिसली.”

“आणि मावशी, तुम्ही? तुम्ही तर दरवर्षी बघता.”

मावशींनी पदर सारखा केला. “म्या बी म्हनत आले दिसली म्हून. तुमी इतक्या हौसंनं थंडीत उभ्या ऱ्हाता. न्हाई कसं म्हनावं?”

मंजुश्रीला लाज वाटली, रडू आलं, आणि अंधार होता म्हणून बरं वाटलं. तिनं नळी पुन्हा देवयानीवर आणली आणि मुलींना बोलावलं.

“आता मी काही सांगणार नाही. दिसेल ते तुम्ही सांगा. नाही दिसलं तर नाही म्हणा. याला मार्क नाहीत.”

पहिलीनं डोळा लावला, मैत्रिणीकडं बघितलं आणि बारीक आवाजात म्हणाली, “न्हाई दिसलं, मॅडम.” मग दुसरीलाही दिसलं नाही, तिसरीलाही. प्रत्येक ‘न्हाई’ मंजुश्रीला लागत होता, तरी नळी सरकवत ती उभी राहिली. चौघी-पाच जणी “कायतरी हाय” म्हणाल्या, बस्स.

शेवटी मावशी आल्या. डोळा लावून बराच वेळ वाकून राहिल्या.

“म्याडम, मधी उजेड हाय. कडंला पातळ होत गेलाय. काळ्या लुगड्याला पिठाचा हात पुसल्यावानी. अन्…”

“अन् काय?”

“तिरपं हाय ते. लांबुळकं.”

तिरपं आहे हे मंजुश्रीनं कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. पण संशय असा लगेच थोडाच सुटतो?

“त्यांच्या टॅबवर बघितलं तुम्ही!”

“म्या कवा गेले तिकडं? रांग सांभाळा म्हनून तुमीच तर उभं केलं मला!”

सोमवारी मंजुश्रीनं शंकरप्पा सरांना कॅमेऱ्याच्या दुर्बिणीचं नाव सांगितलं. सरांनी भुवया चढवल्या. “रुद्रेशनं काही जादू केली की काय तुमच्यावर?”

“नाही सर. सव्वीस जणींना दोन-दोन मिनिटांत डोळ्यानं दिसत नाही. मग बिचाऱ्या खोटं बोलतात. जुनी आठ इंची मी ठेवते. ज्यांना थांबून बघायचंय, त्या माझ्याकडं येतील.”

“पण ती जुनी छानच आहे हं,” सर खुर्चीत रेलून म्हणाले. “पहिल्याच वर्षी मी गच्चीवर बघितलं होतं की! शनीची कडी. काय स्पष्ट!”

मंजुश्रीला ती संध्याकाळ लख्ख आठवत होती. शनी तेव्हा मावळून गेला होता आणि दुर्बीण कृत्तिकांवर लावलेली होती. “हो सर” तिच्या ओठांवर आलंच होतं. टेबलावर चहा ठेवणाऱ्या गुणामावशींचा हात जरा थबकला.

“नाही सर,” मंजुश्री म्हणाली. “त्या दिवशी शनी नव्हता.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“तुमचा चेहरा इतका खुलला होता, मॅडम,” ते खाली बघत म्हणाले. “मला नाही म्हणवेना.”