अकारण थांबणे

मास्तरांनी पट्टा लावला, परीक्षेचा कागद मांडीवरच्या पुठ्ठ्याला चिमट्यात अडकवला आणि शेजारी न बघताच म्हणाले, "आरसे तपासून घ्या."

शेजारची सीट रिकामी होती. स्टिअरिंगमागे कोणीच नव्हतं. मागे बसलेल्या त्यांच्या लेकीला हसू आलं, पण तिने ते गिळलं. आज हसण्याचा दिवस नव्हता.

गाडी विजेची, त्यात बिनचालकाची. ती शहरातल्या रस्त्यांवर आणावी की नाही, यावर सहा महिने नगरपालिकेच्या सभागृहात खडाजंगी चालली होती. कंपनीवाले म्हणत, यंत्र दमत नाही, पेंगत नाही, पिऊन बसत नाही. टॅक्सीवाले म्हणत, यंत्राला डोळे कुठे आहेत? शेवटी दोन्ही बाजू एका गोष्टीवर राजी झाल्या. लायसन्ससाठी माणसाची होते तीच परीक्षा गाडीची घ्यायची, आणि ती नापास मास्तरांनीच घ्यायची. गाडी पास झाली तर परवानगी, नापास झाली तर कंपनीने गाशा गुंडाळायचा. गाडीतलं चित्रीकरण पुरावा म्हणून चालणार नाही, ही टॅक्सीवाल्यांची अट. आरोपीलाच साक्षीदार कशाला करायचं, असं त्यांचं म्हणणं. मास्तरांचा कागद हाच निकाल.

नापास मास्तर हे नाव त्यांना उगाच पडलं नव्हतं. एकतीस वर्षांच्या परीक्षकगिरीत त्यांनी स्वतःच्या मुलीलाही दोनदा नापास केलं होतं, आणि दोन्ही वेळा तिच्या आईने त्यांच्याशी आठवडाभर अबोला धरला होता. तीच मुलगी आता टॅक्सी चालवत होती, टॅक्सीवाल्यांच्या संघटनेची बाजू मांडत होती आणि त्यांची निरीक्षक म्हणून मागे बसली होती. कालच्या सभेत तिने टाळ्या घेतल्या होत्या.

"माझ्या वडिलांच्या नजरेतून एकतीस वर्षांत मुंगी सुटलेली नाही," ती म्हणाली होती. "तशी नजर तुमच्या यंत्राला द्या, मग बोलू."

पहिल्या रांगेत बसलेल्या मास्तरांनी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

गाडी आवाज न करता निघाली. मास्तर डोळ्यांत तेल घालून बघत होते. डावीकडचं बघायचं तर मान जरा जास्तच वळवावी लागत होती. वर्षभरात दाराची चौकट कितीदा तरी खांद्याला लागली होती, आणि डाव्या हाताशी ठेवलेला चहा दोनदा सांडला होता. पण निवृत्तीला आठच महिने उरले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे फिरकलेच नव्हते.

चौक झाला, वळणं झाली, चढावर थांबून पुन्हा निघणं झालं. कागदावर बरोबरच्या खुणा वाढत गेल्या. दोन ट्रकांच्या मधल्या जागेत गाडी अशी सफाईने मागे शिरली की मास्तर "वा" म्हणता म्हणता थांबले.

"जास्तच हळू चालत नाही का, बाबा?"

"निरीक्षकांनी बोलायचं नसतं."

तिच्या आवाजातली धास्ती त्यांना कळली होती. गाडी पास झाली तर तिच्यासारख्या चारशे जणांच्या पोटावर पाय येणार होता. पण चूक दिसल्याशिवाय लिहायची कशी?

आणि मग गोदामांच्या रस्त्यावर गाडीने एकदम ब्रेक मारला.

मास्तरांनी समोर पाहिलं. सरळ, मोकळा रस्ता. सिग्नल नाही, खड्डा नाही, माणूस नाही. त्यांनी मनात पाचपर्यंत आकडे मोजले. गाडी जागची हलेना. त्यांना हायसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. 'गंभीर चुका' या रकान्यात त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'अकारण थांबणे'. एक गंभीर चूक म्हणजे नापास. खाली सहीसुद्धा करून टाकली.

तेवढ्यात बॉनेटवर टकटक झाली.

राखाडी कोटातला एक म्हातारा काठी टेकत, पाय ओढत गाडीसमोरून चालला होता. डाव्या बाजूच्या फुटपाथवरून उतरून तो एवढा वेळ मास्तरांच्या हाताच्या अंतरावर होता. त्याने आभारादाखल बॉनेटवर आणखी एकदा थाप मारली, रिकाम्या सीटकडे बघून हात वर केला आणि पलीकडे निघून गेला. गाडी पुढे निघाली.

मास्तरांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. मागून वाकून कागद वाचणाऱ्या लेकीचा हात त्यांच्या खांद्यावर आला.

"बाबा," ती म्हणाली. "तुम्ही माझ्यासाठी असं काही लिहाल, असं मला कधी वाटलं नव्हतं."

मास्तरांना आधी अर्थच लागला नाही. मग लागला. तिला म्हातारा पहिल्यापासून दिसला होता. वडिलांनाही दिसला असणारच, असं ती धरून चालली होती.

"कोणाला सांगणार नाही मी," ती म्हणाली.

खांद्यावरचा हात तिने सभागृह येईपर्यंत काढला नाही. मास्तरांनाही तो हवाहवासा वाटत होता.

सभागृह खच्चून भरलं होतं. अध्यक्षबाईंनी कागदासाठी हात पुढे केला. मास्तरांनी कागद टेबलावर ठेवला, खिशातून पेन काढलं, ती ओळ खोडली आणि शेजारी सही केली. त्यांच्या कागदावर आजवर कधी खाडाखोड झाली नव्हती.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"माझी चूक. गाडीसमोरून माणूस जात होता. म्हणून ती थांबली."

"मग अकारण का लिहिलं?"

समोर बसलेली लेक अगदी बारीक मान हलवत होती. नको, नको.

"मला तो दिसला नाही," मास्तर म्हणाले. "गाडीला दिसला. मला डावीकडचं वर्षभर नीट दिसत नाही. बाकी सगळ्या खुणा बरोबरच्या आहेत. गाडी पास आहे."

मागून कोणीतरी ओरडलं, "मग वर्षभर आमची पोरं नापास केली ती कशाच्या जोरावर?" मास्तर खाली बसले नाहीत, बाहेरही गेले नाहीत. गलका थांबेपर्यंत तसेच उभे राहिले.

बाहेर त्यांची जुनी गाडी उभी होती. टॅक्सीवाले घोळक्याने बघत होते, पण दोघांच्या जवळ कोणी आलं नाही. मास्तरांनी किल्ली पुढे केली. लेकीने ती घेतली नाही.

"वर्षभर तुम्ही रोज माझ्या मुलीला शाळेत सोडलंत," ती म्हणाली.

"हो."

"याच गाडीतून."

"हो."

"यापेक्षा माझ्यासाठी खोटं लिहिलं असतंत तर बरं होतं, बाबा."

मग तिने किल्ली ओढून घेतली. सीट पुढे सरकवली, पट्टा लावला, तिन्ही आरसे तपासले. मास्तर डाव्या सीटवर बसले. तिसऱ्या चौकात तिने हळूच ब्रेक दाबला.

मास्तरांनी समोर पाहिलं. मोकळा रस्ता होता. त्यांनी मान वळवली नाही.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

लेकीने त्यांच्याकडे पाहिलं.

"एक बाई आहे. बरोबर लहान मुलगी आहे."

"गेल्या का?"

"थांबा, बाबा," ती म्हणाली. "सांगते."