तीन मोजून पळालेला चोर

मास्तरांची गाडी चोरीला गेली तेव्हा मास्तर तिच्यापासून चार हातांवर उभे होते. झोपलेले नव्हते, गप्पा मारत नव्हते, पाठ फिरवूनही नव्हते. डोळे मिटून उभे होते, आणि तेसुद्धा शिकवण्याचा भाग म्हणून.

मास्तर म्हणजे गाडी चालवायला शिकवणारे मास्तर. तीस वर्षं हाच धंदा, एकच माणूस आणि आता एकच गाडी. त्यांची एक पद्धत होती. शिकणाऱ्याने पहिल्यांदा गाडी सुरू करायची, मग दोघांनी खाली उतरून फुटपाथवर उभं राहायचं आणि डोळे मिटून इंजिन ऐकायचं. ज्याला गाडी ऐकू येत नाही त्याला ती चालवता येत नाही, असं त्यांचं ठाम मत. दुसऱ्या कुठल्याही शाळेत हे शिकवत नाहीत, याचा त्यांना अभिमान होता. का शिकवत नाहीत, ते त्या मंगळवारी सकाळी कळलं.

त्या दिवशी शिकवणीला नर्सबाई होत्या. घरोघरी जाऊन पेशंटना इंजेक्शनं देणं, जखमा बांधणं हे त्यांचं काम. लायसन्स मिळालं तर दवाखाना त्यांना शहराबाहेरचा भाग आणि गाडी देणार होता. सोमवारी परीक्षा होती. दोघं शेजारी शेजारी डोळे मिटून उभे होते.

"मास्तर," नर्सबाई म्हणाल्या, "आवाज लांब गेल्यासारखा वाटतोय."

"इंजिन गरम झालं की आवाज बसतो. नीट ऐका."

"बसला नाही हो मास्तर. गेला."

मास्तरांनी डोळे उघडले. समोर रिकामा रस्ता आणि डांबरावर तेलाचा एक जुना डाग. गाडी पुढे निघाली होती. आत टोपी घातलेला कुणीतरी एकटाच होता. त्याने इंडिकेटर दिला. कोपऱ्यावरच्या पांढऱ्या रेषेपाशी आडव्या रस्त्यावर चिटपाखरू नसताना गाडी पूर्ण थांबली. एक, दोन, तीन. मग वळली आणि दिसेनाशी झाली.

नर्सबाई धावल्या. दिवसभर घरोघरी धावायची सवय असलेली बाई ती, पार कोपऱ्यापर्यंत गेली. मास्तर मात्र जागचे हलले नाहीत. धापा टाकत नर्सबाई परत आल्या तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पूर्ण थांबला बघा."

हे नर्सबाईंनी पुढे सगळ्या गल्लीला सांगितलं. अगदी शब्दशः.

पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी तक्रार लिहून घेताना दोनदा पेन खाली ठेवलं.

"म्हणजे तुमच्या डोळ्यांदेखत चोरी झाली."

"डोळे मिटलेले होते."

"दोघांचे?"

"दोघांचे."

"आणि चोराने इंडिकेटर दिला."

"दिला. उजव्या बाजूचा. बरोबर होता."

साहेबांनी गाडीची खूण विचारली. पांढरा रंग, छपरावर शाळेची पाटी, शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक. साहेबांनी लिहिलं, आणि निघताना "काका, घरी जाताना डोळे उघडे ठेवा" असा सल्लाही दिला. मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण बोलायला तोंड कुठे होतं? चोराने रेषेवर तीन मोजले, ही गोष्ट त्यांनी साहेबांना सांगितलीच नाही. का सांगितली नाही, हे त्यांचं त्यांनाही धड कळलं नव्हतं.

खरं घोडं पेंड खात होतं ते घरी. बायको गेल्यापासून मास्तर आणि त्यांची लेक, एवढंच घर. लेक चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची, आणि घरी आल्यावर बापाचे. दोन वर्षं तिचं एकच पालुपद चालू होतं, "बाबा, आता पुरे." शेवटी मास्तरांनी एक तोड काढली होती. ही गाडी आहे तोवर शिकवतो. ही गेली की दुसरी घेणार नाही, गप घरी बसतो. गाडी अजून दहा वर्षं सहज टिकणार, याची खात्री होती म्हणूनच त्यांनी एवढ्या उदारपणे शब्द दिला होता. आता गाडी गेली होती.

लेकीने संध्याकाळी पाणी दिलं, जेवण वाढलं आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगितल्या. मास्तरांना वाटलं, वाचलो.

"तुम्ही शब्द दिला होतात," ती शेवटी म्हणाली.

"गेली की म्हणालो होतो. नेली की नाही."

"बाबा."

"आठ दिवस थांब. आठ दिवसांत सापडली नाही तर तू म्हणशील तसं."

लेकीने मान डोलावली. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण त्यांनी भात पुन्हा मागून घेतला. एकसष्टाव्या वर्षी सकाळी उठून कुठे जायचं नाही, कोणी "मास्तर" म्हणून हाक मारायची नाही, या कल्पनेनेच त्यांना धडकी भरायची. तसं ते लेकीला कधी बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मास्तर बसने चौकात गेले आणि बेकरीसमोरच्या बाकावर जाऊन बसले. हिशोब साधा होता. रेषेवर थांबून मनात तीन मोजायचे, हे फक्त आपणच शिकवतो. म्हणजे चोर आपला विद्यार्थी. म्हणजे या शहरात जो जो तीन मोजतो, तो तो संशयित. बाक मोक्याच्या जागी होता. समोर पांढरी रेषा अगदी स्वच्छ दिसत होती.

सकाळपासून दुपारपर्यंत मास्तरांनी गाड्या बघितल्या. त्यांच्याकडे शिकलेले एकूण एकोणीस जण त्यांनी ओळखले. बेकरीवाला स्वतः गेला, रेषा ओलांडून, न थांबता, वर हात हलवत. दातांची डॉक्टरीण फोनवर बोलत गेली. एका शाळामास्तराने तर रेषेवर उभ्या असलेल्या म्हाताऱ्यालाच हॉर्न मारला. त्याला मास्तरांनी दोन महिने रोज शिकवलं होतं. तीन सोडाच, एकही कोणी मोजला नाही. गरज सरो, वैद्य मरो. लायसन्स हातात पडलं की मास्तर खुंटीवर. मास्तरांना गाडी गेल्याचं जेवढं वाईट वाटलं नव्हतं तेवढं त्या बाकावर वाटलं.

दुपारी चहा पिताना त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. लायसन्स मिळालेले सगळे विसरले. मग जो अजून विसरलेला नाही, त्याला लायसन्स मिळालेलंच नाही.

घरी येऊन त्यांनी आपली वही काढली. प्रत्येक विद्यार्थ्याचं नाव, पत्ता आणि शेवटी मास्तरांचा एक शेरा. मध्येच सोडून गेलेले फार नव्हते. तीन वर्षांपूर्वीच्या पानावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: "ससा. रेषेवर न चुकता तीन मोजतो. बाकी सगळा आनंद."

ससा हे नाव मास्तरांनीच ठेवलेलं. तिशीतला माणूस, गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापायचा. कात्रीखाली थराचा थर सरळ जाई, पण स्टिअरिंग हातात आलं की त्याची पाचावर धारण बसे. गाडी दर दहा पावलांवर आचके देऊन बंद पडायची. चार महिने झाले तरी तेच. शेवटी एक दिवस चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर मास्तर म्हणाले होते, "बाबा रे, तू पायी चाल. तुझंही भलं आणि जगाचंही." उचलली जीभ लावली टाळ्याला. लोक हसले. ससाही हसला आणि दुसऱ्या दिवसापासून आला नाही.

शुक्रवारी दुपारी कारखाना सुटायच्या वेळी मास्तर फाटकाशी जाऊन उभे राहिले. ससा बाहेर आला, मास्तरांना बघितलं आणि त्याने पळायचाही प्रयत्न केला नाही. खिशातून किल्ली काढून पुढे धरली.

"मास्तर, मी आणूनच देणार होतो."

"मग दिली का नाहीस? तीन दिवस झाले!"

ससा खाली बघत म्हणाला, "मला रिव्हर्स येत नाही."

मास्तरांना वाटलं होतं, कान उपटावेत, चार शब्द असे सुनवावेत की जन्मभर आठवतील. ते सगळे शब्द तिथेच राहिले. ससा चालता चालता सांगत होता. मंगळवारी कामावर जाताना त्याला गाडी दिसली, दार उघडं, इंजिन चालू, आणि दोन माणसं डोळे मिटून उभी. एक फेरी मारायची आणि परत आणून लावायची, डोळे उघडतील तेव्हा मास्तरांना दाखवायचं, एवढंच मनात होतं. "पण छान चालली मास्तर. एकदाही बंद पडली नाही. मला थांबवेचना." मग तो भलत्याच गल्लीत शिरला आणि पुढे भिंत निघाली. मागे घ्यायला तर तो कधी शिकलाच नव्हता. शिकवणी त्याआधीच संपली होती. तासभर आत बसून तो गाडीला कुलूप लावून कामावर गेला. रोज येऊन काच पुसून जात होता. कोणाला बोलावलं तर चोर ठरणार, मास्तरांकडे जावं तर तोंड कसं दाखवणार.

गल्ली खरोखरच चिंचोळी होती. दोन्हीकडे गोदामांच्या भिंती, मध्ये गाडी, समोरच्या भिंतीपासून वीतभर अंतर राखून उभी. काच चकचकीत होती. मास्तर गाडीला हात लावून क्षणभर उभे राहिले. डोळे भरून आले, ते त्यांनी पुसले.

"बस," ते सशाला म्हणाले. "राहिलेला धडा आज घेऊ."

ससा स्टिअरिंगवर, मास्तर शेजारी. मागे बघ, क्लच हळू सोड, सरळ ठेव. गाडी हातभर मागे सरकली, आचका बसला आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली. पुन्हा आचका. तिसऱ्यांदा तेच. मास्तर म्हणाले, "अरे, मंगळवारी अख्खं शहर पार केलंस ना? मग आता काय झालं?"

सशाने मास्तरांच्या सीटपुढे खाली बघितलं. मग हळूच म्हणाला, "मास्तर, तुमचा पाय."

मास्तरांनी खाली बघितलं. त्यांचा उजवा पाय शेजारच्या ब्रेकवर होता. नुसता ठेवलेला नव्हता, तळापर्यंत दाबलेला होता. आपण तो दाबलाय हे त्यांना माहीतच नव्हतं.

"तेव्हाही असंच असायचं?"

"हो. गाडी जरा हलली की तुम्ही दाबायचात. मला वाटायचं, मुद्दाम दाबता. शिकवायची पद्धत असेल."

मास्तरांनी पाय मागे घेतला, सीटखाली मुडपला. "चल, आता घे." गाडी हलली, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांचाच पाय सीटखालून निघून ब्रेकवर गेला. त्यांनी सांगितलं म्हणून नाही. त्याच्या मनाने.

मास्तर दार जेमतेम उघडून बाहेर पडले. भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि म्हणाले, "आता एकटा घे. घाई करू नकोस." गाडी त्यांच्या पोटाला घासेल न घासेल अशी मागे गेली, मग आणखी मागे, एका सरळ रेषेत, कापड कापल्यासारखी, थेट गल्लीच्या तोंडापर्यंत. एकदाही बंद पडली नाही. काचेतून सशाचा चेहरा दिसत होता. तो घाबरलेला नव्हता.

घरी जाताना मास्तर मागच्या सीटवर बसले. वाटेत पोलीस ठाण्यात उतरून त्यांनी साहेबांना सांगितलं की गाडी विद्यार्थ्याने नेली होती, धडा अर्धा राहिला होता, तक्रार मागे घ्यायची आहे. साहेबांनी तिसऱ्यांदा पेन खाली ठेवलं. सशाला त्यांनी अर्धा तास बसवून भरपूर झापलं आणि सोडून दिलं.

नर्सबाईंना मास्तरांनी फोन केला आणि सोमवारपर्यंतच्या शिकवणीसाठी पलीकडच्या शाळेतल्या बाईंचा नंबर दिला. मग आपल्या पायाबद्दल एक प्रश्न विचारला. नर्सबाईंनी आधी त्यांना बसून घ्यायला सांगितलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही, मास्तर." पेशंटला सांगतात तशा आवाजात.

लेक कामावरून आली तेव्हा गाडी दारात उभी होती. ती धावतच आत आली. बापाने पैज जिंकली होती, तरी तिला आनंदच झाला होता.

"सापडली! बाबा, मग सोमवारपासून पुन्हा शिकवणी ना?"

"नाही. शाळा बंद."

"असं काय करता? मी रागाने बोलले होते. गाडी आली ना परत?"

"गाडी चांगली आहे," मास्तर म्हणाले. "माझा पाय ऐकत नाही, बाळ."

हे वाक्य त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यांना स्वतःलाच ते आज दुपारी कळलं होतं. लेक खांद्यावरची पर्स न काढताच त्यांच्यासमोर खाली बसली आणि त्यांच्या उजव्या पायावर हात ठेवला. दोन वर्षं ती बिचारी त्यांचे डोळे तपासत होती.