मिठाच्या पोत्यांखाली

आमच्या बंदरात आग लागली की प्रत्येक घरातून चामड्याची एक बादली आणि एक माणूस निघालाच पाहिजे, असा नियम आहे. नियम माझ्या यजमानांनीच केलेला. जोथम हार्बिन म्हणजे गावातले मोठे व्यापारी. खारवलेले मासे जहाजाने बाहेर पाठवायचे आणि मीठ, कापड, खिळे आणायचे. शिवाय गावाचे पंच. म्हणजे अर्धे नियम करणारे तेच, आणि ते मोडणाऱ्याला शिक्षा सुनावणारेही तेच.

मार्चमधल्या त्या दुपारी पाववाल्याच्या लाकडी धुराड्यातून ठिणगी उडाली. समुद्रावरून वारा सुटलेला. बघता बघता लोहाराचं छप्पर पेटलं, आणि लोहाराला लागून आमचं कोठार. मी बादली घेऊन पोचले तेव्हा एनोक टॅपली शिडी लावून आमच्या छपरावर चढलासुद्धा होता. ओल्या घोंगडीने ठिणग्या बडवत होता.

एनोक पिंपं बनवतो. त्याच हिवाळ्यात जोथमनी त्याला भर बर्फात दिवसभर चौकातल्या लाकडी खोड्यात पाय अडकवून बसवलं होतं. गुन्हा काय, तर घरात बारूद ठेवली. तीही छोटीशी पेटी. बारूद ठेवायची ती टेकडीवरच्या दगडी बारूदखान्यातच, हाही नियम जोथमचाच. त्या थंडीत एनोकच्या पायाची दोन बोटं गेली. आणि आता तोच लंगडत आमचं छप्पर वाचवायला वर गेला होता. अशा माणसाला काय म्हणावं?

"एनोक, डावीकडे बघ रे!" खालून कोणी ओरडलं.

"दिसतंय! पाणी पाठवा, अक्कल नको!"

जोथम बादल्यांच्या रांगेतून बाजूला येऊन नुसते उभे होते. चेहरा पिठासारखा पांढरा. मला वाटलं, मालाची काळजी.

"अहो, आत मीठच आहे ना? मीठ काय जळतंय थोडंच?"

त्यांनी माझं मनगट धरलं आणि कानाशी तोंड आणलं. "डोरकस, मिठाच्या पोत्यांखाली बारूद आहे. तीन पिंपं."

मला आधी कळेचना. मग माझी नजर छपरावर गेली.

"बारूदखान्यात ठेवली की साठा केलाय हे साऱ्या गावाला कळतं," ते पुटपुटले. "बर्फ वितळला की नदीवरचे शिकारी दुप्पट भाव देतात."

"मग सांगा ना लोकांना! अहो, तो वर आहे!"

"सांगितलं की संपलं. पंचपद जाईल. मला खोड्यात बसवतील, आणि तो समोर उभा राहून हसेल. तू गप्प राहा. मी उतरवतो त्याला."

ते पुढे झाले आणि हात उंचावून ओरडले, "सोडा ते कोठार! माझं जळलं तर जळू दे! पलीकडची गरिबांची घरं वाचवा!"

क्षणभर सगळे थबकले. मग पाववाला गहिवरून म्हणाला, "ऐकलंत? याला म्हणतात पंच!" आणि त्या भरात आणखी दोघं शिडी चढून गेले. वरून एनोकने हाक दिली, "साहेब, आजवर तुम्हाला घातलेल्या शिव्या परत घेतो! हे छप्पर पडू देणार नाही!"

हसावं की रडावं ते कळेना. जोथम पुन्हा ओरडले, "सोडा म्हणतो ना!" आणि लोकांनी आणखी जोरात बादल्या फेकल्या. तेवढ्यात लोहाराची जळती भिंत आमच्या बाजूला कलली. कोठाराच्या फळ्या धुमसायला लागल्या.

मी ओरडले. "आत बारूद आहे! उतरा!"

सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग जोथमकडे.

"घाबरली आहे ती," जोथम म्हणाले. "धुराने डोकं फिरलंय. घरी न्या तिला."

पंचाचा शब्द आणि बाईचा शब्द, गाव कुठला धरणार हे काय सांगायला हवं? पाववालीने माझ्या खांद्याला धरलं, "चल गं बाई, पाणी पी जरा." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला ढकललं, घागरा कमरेला खोचला आणि शिडी गाठली. आयुष्यात स्टुलापलीकडे कशावर चढले नव्हते. तरी वर पोचले आणि एनोकशेजारी आढ्यावर बसले.

"बाईसाहेब, वेड लागलं का? उतरा खाली!"

"पंच म्हणतात आत काही नाही. मग मला कसली भीती?"

फळ्या घागऱ्यातून चटके देत होत्या. भीतीने जीव जात होता, खोटं कशाला सांगू. मी फक्त खाली जोथमकडे बघत राहिले.

"डोरकस, खाली ये!"

"का?"

"ये म्हणतो ना!"

"का, ते सांगा!"

छपराखालच्या फटीतून काळा धूर निघाला. जोथमनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"बारूद आहे!" त्यांचा आवाज फाटला. "तीन पिंपं आहेत आत! उतरा रे सगळे!"

एनोकने मला जवळजवळ खांद्यावर टाकूनच उतरवलं. आम्ही धक्क्याच्या भिंतीआड पोचतोय तोच कोठार उडालं. कितीतरी वेळ आभाळातून मीठ पडत होतं. माणूस मात्र एकही गेला नाही.

रविवारी प्रार्थनागृहात जोथम सगळ्यांसमोर उभे राहिले. लोभ कबूल केला, खोटं बोललो तेही कबूल केलं. अखेरच्या क्षणी देवाने माझी जीभ सोडवली, म्हणाले. बायका मुसमुसल्या. पाद्रीबाबांचेही डोळे भरले. गावाने दंड केला, खोडा माफ केला, आणि पंचपदही ठेवलं. चुकलेला माणूस परत आला की आमच्याकडे फार कौतुक होतं.

बाहेर लोक हात मिळवायला थांबले होते. जोथमनी आपण होऊन एनोकपुढे हात केला. "तुझा जीव वाचला, देवाची कृपा."

एनोकने टोपी दोन्ही हातांत तशीच धरून ठेवली. "साहेब, एकच विचारतो. बाईसाहेबांना घरी न्या म्हणालात, तेव्हा मी छपरावर आहे हे दिसत होतं तुम्हाला?"

जोथमनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलावं, असं त्यांना वाटत होतं. मी एनोककडे पाहिलं.

"दिसत होतास," ते म्हणाले.

एनोकने मान हलवली, टोपी घातली आणि लंगडत निघून गेला. जोथमच्या इतक्या लांबलचक कबुलीत हे एक वाक्य नव्हतं. मी त्यांच्या कोपरातून माझा हात काढून घेतला आणि घरची वाट धरली. ते मागून येत होते.