काळ्या उसाचे शेंडे

काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून शंभू पाटावर बसला होता. त्याचं पहिलंच बोरन्हाण. माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, सुपातनं बोरं, चुरमुरे, उसाचे करवे त्याच्या डोक्यावर ओतत होत्या. एक करवा घरंगळत माझ्या पायाशी आला. जांभळट काळी साल. मी वाकून तो उचलला.

"आत्या, हा ऊस कुठला?"

"कुठला म्हंजी? आपलाच, जाळीतला. लेकराच्या बोरन्हाणाला इकतचा आणायचा व्हय?"

परसात, रोग आणणारे किडे शिरू नयेत म्हणून बांधलेल्या जाळीखाली काळ्या उसाचं एकच बेट होतं. सासऱ्यांच्या आज्यापासून चालत आलेलं मूळ बेणं आधी विषाणूनं धरलं होतं; पानांवर फिकट पट्टे, पेरं आखूड. कुपवाडच्या ज्या प्रयोगशाळेत मी काम करते, तिथं आम्ही त्याच्या कोंबांची राईएवढी टोकं काढून द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली. गाई गाभण करायला येणाऱ्या डॉक्टरच्या टाकीत असतो, तोच. त्या गारठ्यात बाकीच्या पेशी मरतात, अगदी टोकाच्या तेवढ्या जगतात, आणि तिथवर विषाणू पोचलेला नसतो. पण आमची टोकंही जवळजवळ सगळीच मेली. जगलं ते एक. त्याचंच हे बेट.

"तोडलात कशानं?"

"कोयत्यानं. आन् कशानं? बांधावरचा गुरांना तोडला, त्याच हातासरशी ह्यो बी."

बांधावरचा म्हणजे जुना, रोगट. त्याचा रस लागलेलं पातं या बेटात घुसलं होतं.

"सूनबाईचं तोंड बघा की," शेजारच्या काकू हसल्या. "आगं, ऊस कापलाय, नवऱ्याचा पगार न्हाई!"

बायका खिदळल्या. तेवढ्यात शंभूनं एक करवा तोंडात घातला. मी तो ओढून काढला. त्यानं भोकाड पसरलं.

"ह्या रोगानं माणसाला काय व्हत न्हाई म्हणत हुतीस," आत्या हळूच म्हणाल्या. "मग त्याच्या तोंडातनं का काढलास?"

काही होत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी काढला.

परसात जाऊन शरयू मॅडमना फोन लावला. प्रयोगशाळा त्यांच्याच हाताखाली चालते.

"लगेच नाही पसरत," त्या म्हणाल्या. "पण पट्टे दिसायची वाट बघू नकोस. उभ्या उसांचे शेंडे आजच घेऊन ये."

"सगळे?"

"सगळे. आणि मागं बेट ठेवू नकोस."

चाकू परसातल्या चुलीच्या जाळावर धरला, पुसला, एक शेंडा कापला. पुन्हा धरला. आत्या शंभूला कडेवर घेऊन मागं उभ्या.

"तिथं ह्ये बी समदं मेलं तर गं?"

मी पुढचा शेंडा कापला. त्या आत गेल्या आणि शंभूचं धुतलेलं दुपटं ओलं करून आणलं. मी शेंडे त्यात गुंडाळले. मग बेट खणून काढायला त्यांनीच कुदळ घेतली.

दुसऱ्या दिवशी, शेंड्यांतनं काढून साखरेच्या द्रावणात मुरवलेली टोकं मी नायट्रोजनमध्ये सोडली. पांढरा धूर उठला. बाहेर काढून, कोमट करून, एकेक टोक बाटलीत ठेवलं.

"जगतील का?" मी विचारलं.

मॅडम भिंगातनं बघत राहिल्या. मग मला जागा दिली. टोक पांढरं होतं, ओलसर, चकचकीत. मेलेलंही पहिल्या दिवशी असंच दिसतं.