मृदंगाची कणीक

“माका साहेबाचा तोंड दिसणा नाय,” आमचे हे तिसऱ्यांदा म्हणाले आणि काचेपलीकडे रेकॉर्डिंग करत बसलेल्या झहूरने कपाळाला हात लावला. त्याला मालवणी कळत नव्हतं, पण पुन्हा तेच रडगाणं आहे एवढं कळलं असावं.

कुवेतच्या खैतान भागातल्या त्या दोन खोल्यांना स्टुडिओ म्हणायचं. भिंतींना गोधड्या ठोकलेल्या, एसी बंद, कारण त्याची घरघर टेपवर येते म्हणे. मोठ्या खोलीत व्हायोलिन घेऊन डर्मट साहेब, गाणारा तोच, शेजारी त्याची बायको नोरा, एक बासरीवाला आणि एक गिटारवाला. आणि आमचे हे एकटे बाजूच्या कपाटाएवढ्या खोलीत, मांडीवर मृदंग, कानांवर मोठाले हेडफोन. मृदंगाचा आवाज बाकीच्यांच्या माइकात शिरतो, म्हणून ही शिक्षा. मी दाराशी स्टुलावर बसलेली, हातात वाटी, वाटीत ओल्या फडक्याखाली कणीक.

कणीक कशाला, ते सांगते. मृदंगाच्या डाव्या तोंडाला भिजवलेल्या कणकेचा गोळा थापला नाही तर त्याला घुमारा येत नाही. नुसतं चामडं टप्प वाजतं. ही कणीक लागते सैल आणि बिनमिठाची. मीठ चामडं खातं, असं सासरे सांगायचे. कुवेतच्या हवेत ती बघता बघता वाळते आणि गळून पडते, म्हणून जिथे कार्यक्रम तिथे मी आणि माझी वाटी. बाळंतिणींच्या वॉर्डात दिवसभर पायांचे तुकडे पाडून घ्यायचे आणि घरी येऊन नवऱ्याच्या ढोलासाठी पीठ मळायचं! ढोल म्हटलं की ह्यांना राग यायचा, म्हणून मी मुद्दाम ढोलच म्हणायचे. पण मळायचे.

“चंद्रहासभाई, मुँह क्यों देखना है? कान में आवाज़ तो आ रही है,” झहूर म्हणाला.

“आवाज आता है. पन साहब साँस किधर लेगा, वो कैसा मालूम पडेगा?”

झहूर माझ्याकडे बघायला लागला, जणू मीच आता समजावून सांगणार होते. काय सांगणार? हे भजनात वाढलेले. वेंगुर्ल्याकडच्या आमच्या गावात सासरे जन्मभर मृदंग वाजवत आले. बुवांच्या समोर बसायचं आणि नजर बुवांच्या तोंडावर ठेवायची. बुवा रेंगाळले की रेंगाळायचं, त्यांनी गजर उचलला की उचलायचा, ते ओळ विसरले तर आठवेपर्यंत हातानेच त्यांना सांभाळून घ्यायचं. ह्यांना दुसऱ्या तऱ्हेने वाजवता येतच नव्हतं.

ह्या आयरिश लोकांत हे जाऊन पडले ते माझ्यामुळे. नोरा आमच्या हॉस्पिटलात मोठी सिस्टर. एका गणपतीला मी तिला मंगफमधल्या आमच्या घरी जेवायला बोलावलं. खिडक्या लावून घेऊन आमचं हळू आवाजात भजन चाललं होतं. हिने मोदक बाजूला ठेवला आणि ह्यांच्या हातांकडे बघत बसली. पुढच्या आठवड्यात नवऱ्याला घेऊन आली. त्यांच्या बँडचं नाव ‘ग्रीन डाऊ’, म्हणजे हिरवं गलबत. क्लबात, कोणाच्या निरोपाच्या पार्टीत, मार्चमध्ये त्यांच्या संताच्या दिवशी त्यांच्या देशाची गाणी वाजवायचे. ताल धरणारा त्यांचा माणूस नोकरी संपवून मायदेशी गेला होता. ह्यांना दिवसभर एसीच्या वर्कशॉपमध्ये काम. संध्याकाळी मृदंग घेऊन निघायचे, आणि सहा वर्षं निघत राहिले.

गाण्यातला एक शब्द कळायचा नाही ह्यांना. मी एकदा विचारलं, “अहो, ती गाणी असतात तरी कसली?”

“कोणतरी बोटीन गेलो नि परत इलो नाय,” हे म्हणाले. “सगळी तीच.”

मंगफच्या भजनी मंडळींना हे खुपायचं. आमच्या मजल्यावरचे रामभाऊ तर तोंडावर म्हणायचे, “काय साहेबांचे वाजंत्री, येत्या गुरुवारी आमच्यात येणार की नाही?” हे हसून सोडून द्यायचे. डर्मट सगळ्यांसमोर ह्यांच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचा, “हा माणूस माझ्याबरोबर श्वास घेतो.” मी त्याचा अर्थ सांगितला, तेव्हा हे लाजले होते चक्क.

तर ती टेप. कॅसेट काढायचं ठरल्यापासून ह्यांना झोप नव्हती. सासरे गेले तेव्हा त्यांच्या वाजवण्याचा एक ठोकासुद्धा कुठे राहिला नव्हता. चार तालुक्यांतून बोलावणी यायची त्या माणसाला, आणि आता विचाराल तर नुसतं ‘छान वाजवायचे हां’. आम्हाला मूल झालं नाही. दिवसाकाठी लोकांची बाळं हातात घेणारी मी, ह्या गोष्टीवर जास्त बोलत नाही. एकदा मृदंग पुसता पुसता हे म्हणाले, “मालन, माझो हात तरी ऱ्हवांदे खंयतरी.” आपलं वाजवणं कुठेतरी राहावं, एवढंच मागणं होतं त्यांचं.

आणि त्या दिवशी खैतानला हात येईना. येत होता, पण केसभर मागून. हे वाट बघायचे, आणि हेडफोनमध्ये वाट बघून चालत नाही. डर्मट लाल झाला होता. मी उठले आणि झहूरला म्हटलं, “आरसा है क्या? आरसा! उधर दरवाजे में पकडो, इनको साहब दिखेगा.” बिचाऱ्याने शेजारच्या न्हाव्याकडून आरसा आणला. तो खुर्चीवर टेकवला, दार किलकिलं ठेवलं. ह्यांना डर्मटची हनुवटी दिसायला लागली आणि पुढचं गाणं असं काही वाजलं की झहूर मान हलवायला लागला. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

पण दार उघडं म्हणून मृदंग पुन्हा सगळीकडे शिरला. डर्मटने व्हायोलिन खाली ठेवलं. नवरा-बायकोचं इंग्रजीत काहीतरी कुजबुजणं झालं. मग नोरा आत आली, ह्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, “चंद्रा, फार छान झालंय. बाकीचं आम्ही नंतर जुळवून घेऊ. काळजी करू नकोस.”

ह्यांनी ते खरं मानलं. मीसुद्धा मानलं. बाळंतिणीला कळा असह्य झाल्या की ह्याच आवाजात ‘झालंच हं आता’ म्हणते नोरा. मी तो आवाज रोज ऐकते, तरी फसले.

कॅसेट आली तेव्हा ह्यांनी मला शिरा करायला लावला. रामभाऊंसकट सगळा मजला आमच्या खोलीत. कव्हरवर फोटो, मधोमध हे, झब्बा घालून, मृदंग घेऊन. मागे इंग्रजीत नाव, चंद्रहास, भारतीय ढोल. रामभाऊ म्हणाले, “वा! आता आम्हाला ओळख दाखवणार की नाही?” हे हात पुसून आले आणि बटण दाबलं.

पहिल्याच ठोक्याला मी ह्यांच्याकडे बघितलं.

तो मृदंग नव्हताच. असलं एक मशीन निघालं होतं तेव्हा, बटणं दाबली की ठोके देणारं. ठोका बरोबर, वेळ बरोबर, घड्याळासारखं सगळं बरोबर. कणकेचा घुमारा मला झोपेतही ओळखू येईल, मीच मळते ती. त्या कॅसेटभर कुठे तो नव्हता. आणि गंमत ऐका, एकालाही कळलं नाही. एवढे भजनात बसणारे लोक, माना डोलवत होते. “हात कसला साफ पडलाय!” रामभाऊ म्हणाले. हे शिऱ्याची ताटली सगळ्यांपुढे फिरवत राहिले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर मी नोराला लिननच्या खोलीत गाठलं.

“ह्यांचं वाजवणं कुठाय, सिस्टर?”

ती चादरी मोजत होती. “मालन, अगं, वेळ संपत आला होता. झहूरकडे मशीन होतं. डर्मटला काही इलाज नव्हता.”

“मग फोटो कशाला छापलात?”

“तो आमच्यातलाच आहे म्हणून.” तिला खरंच वाईट वाटत होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. “नाव आहे ना त्याचं त्यावर? लोकांना किती आवडतंय!”

“नाव आहे, फोटो आहे. हात तेवढा काढून टाकलात,” मी म्हटलं. तिने माझा दंड धरला. मी सोडवून घेतला आणि वॉर्डात गेले. काय करणार होते? ड्यूटी तिच्याच हाताखाली होती.

पुढे मार्च आला, त्यांच्या संताचा दिवस. बासरीवाला तोवर नोकरी संपवून गेलेला. म्हणून ह्या वेळी स्टेजवर मागून नुसत्या वाद्यांची टेप लावायची आणि डर्मटने तेवढं त्यावर गायचं, असं ठरलं. कॅसेटही खपायला हव्या होत्या. डर्मट स्वतः घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, “चंद्रा, तू नुसता बस. लोक फोटोतल्या माणसाला बघायला येतात. हात हलव, चामड्याला लावू नकोस.”

मला वाटलं, आता तरी हा माणूस कप फेकून मारेल. हे म्हणाले, “ओके, साहेब.”

तो गेल्यावर मी तोंड सोडलं. “लाज नाही वाटत? बाहुलं म्हणून बसायला बोलावतायत तुम्हाला!”

“सहा वर्षां बसलंय मी त्याच्या पुढ्यात,” हे म्हणाले. “एक दिस आणखी.”

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी सवयीने परातीत पीठ घेतलं. हे दारात झब्ब्याची बटणं लावत उभे होते. म्हणाले, “आज कणीक नको.”

मी पीठ डब्यात परत ओतलं आणि तरी त्यांच्याबरोबर गेले. का गेले, माहीत नाही. हॉल हिरव्या कागदांनी सजवलेला. हे मधोमध बसले आणि हात चामड्यापासून बोटभर वर हलवू लागले. लोक टाळ्या वाजवत होते. नजर मात्र ह्यांची डर्मटच्या तोंडावर, नेहमीसारखी.

आणि तिसऱ्या गाण्यात डर्मट ओळ विसरला. इतकी वर्षं विसरत आला होता तो, पण कोणाला कधी पत्ता लागला नव्हता, कारण हे थांबवून धरायचे. मशीन कोणासाठी थांबतंय! ते आपलं पुढे गेलं. डर्मटने वळून ह्यांच्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखते, वॉर्डात बघते मी. आणि ह्यांचा डावा हात खाली आला. आपोआपच आला असणार, ह्यांनी ठरवून काही केलं नाही. कोऱ्या चामड्यावर टप्प असा मेलेला आवाज झाला. पुढच्या रांगेतली दोन माणसं हसली. ह्यांनी हात उचलला आणि पुन्हा हवेत हलवू लागले. डर्मट मग पुढच्या कडव्याला कसाबसा टेपवर चढला.

त्यानंतर बोलावणं आलं नाही, हेही गेले नाहीत. गुरुवारच्या भजनालाही नाही.

मे महिन्यात आम्ही सुट्टीवर गावी गेलो. सासूबाईंना, सीताबाईंना, डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं, पण कान शाबूत. टेपरेकॉर्डर आम्ही नेलाच होता. ह्यांना कॅसेट बॅगेतून काढायचीच नव्हती, पण रामभाऊ आमच्याच भागातले, सुट्टीवर आमच्याआधी येऊन गेलेले, त्यांनी गावभर केलं होतं. आम्ही पोचलो तर आईंनी पाटावर वाटीत कणीक भिजवून ठेवलेली. “आदी कॅशेट लाव, मगे तू वाजव,” त्या म्हणाल्या.

हे कॅसेट लावून भाताच्या कणगीला टेकून उभे राहिले. आई टेपला कान लावून बसल्या. हळूहळू त्यांचा हात मांडीवर पडायला लागला, आणि मग पदर डोळ्यांना गेला.

“मेल्या झिला,” त्या म्हणाल्या, “अगदी तुझ्या बापाशीचो हात रे! तसोच पडता. आता मी मराक मोकळी.” मग माझ्याकडे तोंड वळवून, “काय गो मालन, तसोच ना?”

मी तोंड उघडलं. आईंच्या आंधळ्या तोंडासमोर सगळं ओकून टाकावंसं वाटत होतं मला, ती काच, तो आरसा, ते मशीन, सगळं. पण ह्यांच्याकडे लक्ष गेलं. जन्मभर दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून हात थांबवणारा हा माणूस. त्या दिवशी त्याच्या तोंडाकडे बघून मला थांबायला लागलं.

“होय आई,” मी म्हटलं. “तसोच.”

“परत लाव बघया.”

ह्यांनी परत लावली. सासऱ्यांचा मृदंग खुंटीला होता, तो कोणी काढला नाही. “वाजव मरे,” आई म्हणाल्या, तर हे म्हणाले, “आता नको गे आये, दमलंय.”

संध्याकाळी ती कणीक सुकायला लागली होती. मी पाण्याचा हात लावून ती पुन्हा मळली आणि तव्यावर एक पोळी टाकली. मीठ नव्हतंच तिच्यात. ह्यांनी चुलीपाशी बसून ती तशीच खाल्ली, भाजीसुद्धा मागितली नाही. बाहेरच्या खोलीत आईंनी शेजारणींना बोलावून कॅसेट पुन्हा लावायला सांगितली होती.