गळलेली ओळ

गावात कुणी मेलं की संपादक त्याला चार ओळींत वाटेला लावत. नगराध्यक्ष असो की न्हावी, माप एकच. आणि आज ठेंगूसाठी अख्खं पहिलं पान!

मजकूर हातात पडला आणि बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. संपादकांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, साप्ताहिक काढलं तेव्हापासून छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत होत्या त्या. बोटं काळी झाली ती कायमची. ठेंगूने काय केलं होतं? युद्धात यांच्या रणगाड्यावर तोफ चालवली आणि परत आल्यावर दर रविवारी येऊन खुर्ची अडवली. दोघे एक शब्द न बोलता बसून राहत आणि उठताना "बरं वाटलं" म्हणत. बायकोशी मात्र बोलणं म्हणजे "मजकूर जुळला का?"

मेलेल्या माणसावर जळू नये, हे बाईंना कळत होतं. तरी त्या जळत होत्या.

पेटलेला रणगाडा, आत अडकलेले संपादक, काखेत हात घालून त्यांना वर ओढणारा ठेंगू. इथवर बाईंनी निमूटपणे जुळवलं. पुढे ओळ होती, "मला पुरतं ओळखणारा माणूस तो एकच."

मग मी कोण, भिंतीवरची खुंटी? बाईंनी ती ओळ गाळली आणि सरळ पुढची जुळवायला घेतली. संपादक त्यांचं काम कधी तपासत नसत. "हिच्या हातून चूक? शक्यच नाही," असं गावभर सांगत. अंक तसाच छापला गेला.

सकाळी दोघं अंक घेऊन ठेंगूच्या बायकोकडे गेले. तिला चष्मा सापडेना, म्हणून संपादकच मोठ्याने वाचू लागले. त्या जागी ते अडखळले. त्यांनी एकदा बाईंकडे पाहिलं.

"वहिनी, इथली एक ओळ गळलीय. माझीच चूक," ते म्हणाले आणि ती ओळ त्यांनी तोंडपाठ म्हणून दाखवली.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चोरी पकडली गेलीच, वर ती ओळ यांच्याच तोंडून ऐकावी लागली.

बाईंना बसायला जागा करून देत ठेंगूची बायको म्हणाली, "गळली तेच बरं झालं, भावोजी. हेही तुमच्याबद्दल अगदी हेच म्हणायचे, येईल त्याला. शेजारीच बसलेली असायचे मी."